दोन्ही हात आडवे

मानसिंगसाहेबांचं पत्र येऊन चार वर्षं झाली होती आणि शेखलालनं त्याला उत्तर दिलं नव्हतं. उत्तर सुचत नव्हतं असं नाही. पण लेखणी उचलली की मूठच वळायची. 'लालसाब गेला, वाईट झालं,' असं साहेबांनी लिहिलं होतं. 'दैवापुढं कुणाचं चालतं? तुमच्या मनात माझ्याविषयी राग नाही, एवढं एका ओळीनं कळवा.'

लालसाब हा शेखलालचा धाकटा भाऊ. दोघंही खलाशी, अवजड सामान उचलून बसवणारे. मंगळवेढ्याच्या माळावर विजेचे मनोरे उभारताना मनोऱ्याचा एक तुकडा हेलिकॉप्टरच्या पोटाखाली तारेनं लटकत होता. तो हेलकावे खाऊ लागला तसं वैमानिक मानसिंगनं बटण दाबून हूक उघडला आणि लोखंड थेट लालसाबवर आलं. चौकशीत साहेबांनी सांगितलं, खलाशी आपणहून ओझ्याखाली गेला. शेखलालनं मात्र डोळ्यांनी पाहिलं होतं. अडकलेला दोर सोडवायला साहेबांनीच खिडकीतून हात करून लालसाबला बोलावलं होतं. पण खलाशाचं ऐकतो कोण? तेव्हापासून सोलापुरात, त्यांच्या शुक्रवार पेठेत लालसाबचं नाव निघालं की लोक म्हणत, "गाफील गडी. आपल्या पायानं गेला."

आणि आता, सत्त्याहत्तरच्या ऐन उन्हाळ्यात, तेच साहेब सोलापुरात आले होते. सूत तुटू नये म्हणून गिरणीत हवा दमट ठेवावी लागते. त्यासाठीच्या यंत्राचं एक धूड छतावर चढवायचं होतं आणि बोळातून क्रेन शिरत नव्हती. छतावरून खुणा करायला गिरणीचे इंजिनिअर शिवशरणअप्पा यांनी शेखलाललाच बोलावणं धाडलं.

तो निघताना लालसाबची बायको माजिदा दारात आली. "उसकू माफ नक्को करो, भाईजान," एवढंच म्हणाली.

लोकांनी घरात बसावं म्हणून सकाळपासून भोंग्यावरून ओरडून सांगितलं होतं, पण हेलिकॉप्टर बघायला सगळी वस्ती गच्च्यांवर लोटली होती. धूड लटकत आलं. वैमानिकाला आपल्या पोटाखालचं ओझं दिसत नाही. समोर उभ्या माणसाच्या हातांवरच त्याचा सगळा भरवसा.

शेखलालनं दोन्ही हात आडवे पसरले. थांब.

हेलिकॉप्टर गच्च्यांच्या वर थांबलं. ओझं स्थिर होतं, वारा नव्हता, पुढं यायला काही हरकत नव्हती. शेखलालनं हात हलवले नाहीत. तापलेल्या हवेत इंजिनाचा आवाज चढत गेला. काचेमागं साहेबांचा चेहरा घामानं निथळू लागला. दाब बटण, शेखलाल मनात म्हणत होता. दाब की. बघू दे सगळ्या गावाला तुझं दैव.

तेवढ्यात ओझं झुलू लागलं. खालच्या गच्चीवरची पोरं टाळ्या पिटत होती. शेखलालची नजर त्यांच्यावर गेली. त्यानं झटकन साहेबांना पुढं बोलावलं आणि धूड नेमक्या जागी उतरवून घेतलं.

हेलिकॉप्टर गिरणीच्या मैदानात टेकलं. शेखलाल छतावरून उतरून तिथं आला तसा मानसिंग त्याच्यावर धावून आला.

"हरामखोर! मला लटकवून का ठेवलंस? बटण दाबायला लावणार होतास?"

"दाबायचं की, सायेब. तुमाला सवय हाय."

"खाली माणसं होती!"

"मंगळवेढ्याला बी व्हता एक."

"तिथं दोर अडकला होता! सोडवायला कुणाला तरी बोलवायलाच लागतं ना?"

तार गुंडाळणारे खलाशी थांबले. शिवशरणअप्पांनी चष्मा काढला.

"म्हणजे तुम्ही बोलावलंत त्याला?" अप्पांनी विचारलं. "आणि चौकशीत काय सांगितलंत?"

मानसिंग खालच्या आवाजात म्हणाला, "शेखलाल, मी तुला पत्र लिहिलं होतं."

"मिळालं व्हतं. आज देतो की उत्तर."

संध्याकाळी त्यानं पोस्टकार्ड आणलं. पाकीट मुद्दामच नको म्हणाला. वाटेत ज्याला वाचायचं त्यानं वाचावं. पत्ता साहेबांच्या ऑफिसचा घातला आणि खाली लिहिलं, 'राग आहे. मरेपर्यंत राहील. लालसाबला तुम्हीच बोलावलंत, हे तुमच्याच तोंडून सगळ्यांनी ऐकलं.' माजिदाला वाचून दाखवलं. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ती त्याच्याबरोबर नाक्यापर्यंत आली. पोस्टाच्या पेटीत शेखलालनं स्वतःच्या हातानं कार्ड टाकलं.