आजीचा हक्क: एक फेरविचार

कौटुंबिक कायद्यावर लिहिणाऱ्या मंडळींत बाईंचा दरारा असा, की त्यांच्या लेखावर टीका करायची तर माणूस आधी रजा काढून अभ्यासाला बसे. विद्यापीठात पाठीमागे सगळे त्यांना 'कलमबाई' म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं. तोंडावर म्हणायची मात्र कुणाची छाती नव्हती.

त्यांचा सगळ्यात गाजलेला लेख नातवंडांच्या भेटीबद्दलचा. आई-बाप वेगळे होतात, मूल एकाकडे राहतं, आणि दुसऱ्या बाजूचे आजी-आजोबा कोर्टात जातात, आम्हालाही नातवंड भेटू द्या म्हणून. या मागणीचा बाईंनी त्या लेखात पार भुगा केला होता. आजी-आजोबांना स्वतंत्र हक्क नाही आणि नसावाच. मूल कुणाला भेटेल, कुठल्या शाळेत जाईल, इतकंच काय, केस किती वाढवेल हेही ज्याच्याकडे मूल आहे त्या पालकानंच ठरवायचं. 'आजीची माया ही भावना आहे, हक्क नव्हे,' हे त्यातलं वाक्य पुढे निकालपत्रांतसुद्धा जाऊन बसलं.

लेख लिहिला तेव्हा बाई आजी झालेल्या नव्हत्या.

त्या लेखाच्या तळटीपा तपासायला त्यांनी एक हुशार विद्यार्थिनी हाताशी घेतली होती. ती तळटीपा दाखवायला घरी यायची. तळटीपा संपल्या तरी यायची थांबेना, तेव्हा बाईंच्या लक्षात आलं की काम आता आपल्याकडे नसून आपल्या मुलाकडे आहे. लग्न झालं. 'मॅडम' म्हणणारी मुलगी 'आई' म्हणू लागली. बिट्टी झाली. आणि बिट्टी शाळेत जायला लागली तोवर मुलाचं आणि सुनेचं फिसकटलंही. घटस्फोट इतका समजूतदारपणे झाला की बाईंच्या एका सहकाऱ्यानं वर्गात उदाहरण म्हणून वापरू का, असं विचारलं. मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला गेला. बिट्टी आईकडे राहिली आणि शनिवार-रविवार आजीकडे येऊ लागली. कोर्टाच्या कागदात याचा कुठेही उल्लेख नव्हता. सगळं आपलं रीतीनं चाललं होतं.

असं चाललं असताना एका शनिवारी बिट्टीनं तक्रार केली की सकाळी केस विंचरताना फार दुखतं. केस होते कमरेपर्यंत. बाईंनी क्षणभर विचार केला, मुलीचं हित कशात आहे ते ठरवलं, पायांत चपला सरकवल्या आणि तिला कोपऱ्यावरच्या पार्लरमध्ये नेलं. परत आली ती कानापर्यंत केस असलेली, मान हलवून हलवून आरशात बघणारी बिट्टी.

रविवारी संध्याकाळी सून न्यायला आली. दारातच थबकली.

"हे कुणी ठरवलं?"

"तिलाच नको होते गं. रोज रडते म्हणे सकाळी."

"सात वर्षांच्या मुलीला शाळाही नको असते. उद्या नाव काढून याल?"

"केसच तर आहेत. वाढतील परत."

सुनेनं बिट्टीची पिशवी खांद्याला अडकवली. "केसांचं कुणी ठरवायचं ते तुम्हीच लिहून ठेवलंय, मॅडम. मला आठवतंय. तळटीप मीच तपासली होती."

बाईंना वाक्यापेक्षा ते 'मॅडम' जिव्हारी लागलं.

पुढच्या शनिवारी बिट्टीला सर्दी झाली होती. त्याच्या पुढच्या शनिवारी तिला वाढदिवसाला जायचं होतं. त्यानंतर निरोपही येईनासा झाला.

"फोन कर, चुकलं म्हण," बाईंचे यजमान म्हणाले. ते दातांचे डॉक्टर, आता निवृत्त. सगळा जन्म तोंड उघडून बसलेल्या माणसांशी बोलण्यात गेल्यामुळे आपल्या बोलण्याला उत्तर येईल अशी त्यांची अपेक्षाच नसे.

"चुकलं? मी मुलीचं हित पाहिलं!"

"बरं," म्हणून डॉक्टर फिरायला निघून गेले.

बाई एका जुन्या विद्यार्थ्याकडे गेल्या. तो आता कौटुंबिक न्यायालयात नावाजलेला वकील होता. बाईंना पाहून उठून उभा राहिला, शिपायाला चहा आणायला पिटाळलं, आणि सगळी हकीकत ऐकताना मात्र खुर्चीत हळूहळू खाली खाली सरकत गेला.

"अर्ज करता येईल, मॅडम. पण समोरचे वकील उभे राहून काय वाचून दाखवतील, कल्पना आहे ना?"

"आहे."

"मग त्याच्यावर काय बोलायचं, ते तुम्हीच सुचवा."

"ते तुझं काम आहे."

"मी किती वर्षं शोधतोय, मॅडम. तुमच्या त्या लेखापायी दोन केसेस हरलोय मी. दोन आज्या. एक तर इथेच बसून रडली होती, तुम्ही बसलाय त्याच खुर्चीत. तिला मी सांगितलं, आजी, कायदाच तसा आहे. आता तुमच्यासमोर खोटं कशाला बोलू, कायदा तसा नव्हता. लेख तसा होता."

बाई चहा न घेताच उठल्या. त्या आज्यांना तोंडं असतील, त्यांना डोळ्यांतून पाणी येत असेल, हे आजवर त्यांच्या मनात आलं नव्हतं. लेखात कुठल्याही आजीचा उल्लेख 'अर्जदार क्रमांक एक' असाच होता.

दुसरी कुणी असती तर घरी येऊन तिनं सुनेला फोन लावला असता. बाईंनी नवा लेख लिहायला घेतला. नाव दिलं 'आजीचा हक्क: एक फेरविचार'. देशोदेशीचं नवं संशोधन त्यांनी पालथं घातलं. मुलाला एकाहून अधिक घट्ट नाती लागतात, आई-बापांच्या भांडणाची शिक्षा तिसऱ्या पिढीला का, पालकाच्या निर्णयाला कुठेतरी कुंपण हवं, असा एकेक मुद्दा त्यांनी विटेवर वीट ठेवावी तसा रचला. मूळ लेखाच्या लेखिकेचा उल्लेख त्यांनी 'काही अभ्यासक' असा केला आणि तिच्यावर अजिबात दयामाया दाखवली नाही.

लेख एका परिसंवादात वाचायचा ठरला. तिथे प्रत्येक निबंधावर बोलायला एक भाष्यकार नेमलेला असे. आयोजक अभ्यासू असल्यामुळे लोकांच्या घरात काय चाललंय याचा त्यांना पत्ता नव्हता. पालकांच्या अधिकारावर सध्या सगळ्यात चांगलं कोण लिहितं एवढंच त्यांनी पाहिलं. कार्यक्रमपत्रिका आली तेव्हा बाईंच्या हातातला कप तसाच राहिला. भाष्यकार म्हणून सुनेचं नाव होतं. ती आता दुसऱ्या महाविद्यालयात शिकवायची.

"छान झालं," डॉक्टर म्हणाले, "त्या निमित्तानं भेट तरी होईल."

सभागृह भरलेलं होतं. बाईंनी निबंध वाचला आणि शेवटी उदाहरण घेतलं. "समजा, सात वर्षांची एक मुलगी आहे. केस विंचरताना तिला रोज त्रास होतो. आजी तिच्या हिताचा विचार करून केस कापून आणते. एवढ्याशा कारणावरून आईनं आजीच्या भेटी तोडल्या, तर कायद्यानं नुसतं बघत बसायचं का?" पुढच्या रांगेतल्या मुलांनी उदाहरण उतरवून घेतलं.

सून माईकपाशी आली. समोर कागद होते, पण तिनं ते उघडले नाहीत.

"मॅडमच्या या काल्पनिक मुलीबद्दल मला थोडी जास्त माहिती आहे," ती म्हणाली, आणि सभागृह हसलं. "शाळेच्या नाटकात तिला चेटकीण व्हायचं होतं. लांबसडक केस मोकळे सोडून. आईनं सांगितलं होतं, नाटकापर्यंत ठेव, पण मग रोज विंचरायला बसावं लागेल. मुलगी कबूल झाली. रोज रडायची आणि रोज बसायची. मायलेकींनी मिळून घेतलेला निर्णय होता तो. आजीला त्यातलं फक्त रडणं दिसलं."

बाईंनी समोरचा माईक ओढून घेतला. "मग नाटकाचं काय झालं?"

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. चर्चेची वेळ अजून झालेली नव्हती, पण कलमबाईंना कोण थांबवणार?

"चेटकीण दुसरी मुलगी झाली. हिला ससा केलं."

"ससा?"

"वरून कान लावावे लागले."

सभागृहात हशा उसळला. पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं वहीत 'ससा' लिहून खाली रेघ मारली.

"तिनं आजीला हे का नाही सांगितलं?" बाईंचा आवाज जरा खाली आला होता.

"आजीनं विचारलंच नाही. तिनं हित पाहिलं."

"ठीक आहे. पण म्हणून आईनं भेटीच बंद कराव्यात? चूक केवढी आणि शिक्षा केवढी!"

"आईनं बंद नाही केल्या, मॅडम. दोनदा अडचण सांगितली आणि मग आजीच्या फोनची वाट पाहिली. फोन आला नाही. कळलं ते असं, की आजी वकिलाकडे जाऊन आली."

"ज्याला हक्कच नाही, त्यानं कुठल्या तोंडानं विचारायचं?"

"ज्याला हक्क नाही त्यालाच विचारावं लागतं. हक्क असलेला विचारत बसत नाही, सरळ पार्लरमध्ये घेऊन जातो."

टाळ्या पडल्या. काल्पनिक उदाहरणावर दोन विदुषी इतक्या तळमळीनं बोलतात, याचं अध्यक्षांना भारी कौतुक वाटलं. आपल्या विषयात अजून जीव आहे, असं ते म्हणाले आणि त्यांनी चहाची सुट्टी जाहीर केली.

चहाच्या टेबलापासून लांब, खिडकीपाशी, दोघी कागदी कप घेऊन उभ्या राहिल्या.

"ससा चांगला झाला का?" बाईंनी विचारलं.

"मस्त झाला. बाकीच्यांचे संवाद चालले होते आणि ही बाजूला बसून गाजर खात होती. पूर्ण संपवलं. सगळे तिच्याकडेच बघत होते."

"मला पाहायला मिळायला हवं होतं."

"बाबांनी सांगितलं नाही तुम्हाला?"

"कुठल्या बाबांनी?"

"आपल्या. म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी. पहिल्याच रांगेत होते ते नाटकाला. आणि दर बुधवारी पोहायच्या क्लासला येतातच की. टॉवेल घेऊन बसतात."

"कोणत्या हक्कानं?" बाईंच्या तोंडून निघून गेलं.

सुनेला हसू आवरेना. "त्यांनी फोन केला होता. येऊ का म्हणाले. मी म्हटलं, या."

एवढ्या कमी शब्दांत निकाल लागतो, हे बाईंनी उभ्या कारकिर्दीत पाहिलं नव्हतं. त्यांनी कप खिडकीत ठेवला, घसा साफ केला. "तुझी हरकत नसेल, आणि बिट्टीच्या वेळापत्रकात काही अडचण येणार नसेल, तर तूर्तास, प्रायोगिक स्वरूपात..."

"साधं विचारा हो."

"येऊ का मी?" बाई म्हणाल्या. आणि मग, कुणी ऐकत नाही ना हे बघून, "चुकलं माझं."

"शनिवारी या. आणि केसांना हात लावायचा नाही."

घरी गेल्यावर बाईंनी डॉक्टरांना फैलावर घेतलं. बुधवारी फिरायला जाता ते हे होय, मला एका शब्दानं नाही सांगितलं! डॉक्टर म्हणाले, सांगणार होतो, पण तू लेखात होतीस. बाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. डॉक्टरांना त्याचा फारसा त्रास झाला नाही.

शनिवार पुन्हा सुरू झाले. परिसंवादातली ती जुगलबंदी शब्दशः छापली गेली आणि कायद्याच्या वर्गात 'सशाचं उदाहरण' म्हणून शिकवली जाऊ लागली. बाईंचा लेख मात्र छापायला देण्याआधीच्या दुरुस्त्यांत अडकला. लिहायला त्यांना निवांत दिवस मिळे तो शनिवार, आणि शनिवारी आता बिट्टी असे. शिवाय मनातल्या मनात त्यांना वाटायचं, कशाला हवा हक्क? सगळं तर नीट चाललंय. पण वकिलाच्या ऑफिसातली ती खुर्ची काही डोळ्यांपुढून हलत नव्हती. ज्या आज्यांच्या सुना फोनच उचलत नसतील, त्यांनी काय करायचं? म्हणून पहाटे उठून उठून त्यांनी लेख पुरा केला.

लेख छापून आल्यावर काही महिन्यांनी वकिलाचा फोन आला. बाई तेव्हा बिट्टीला पोहण्याचे कपडे पिळायला शिकवत होत्या.

"मॅडम, जिंकलो!" तो ओरडलाच. "एका आजीची केस होती. समोरच्यांनी तुमचा जुना लेख वाचला, मी नवा वाचला. न्यायाधीश म्हणाले, विद्वान लेखिकेशी विद्वान लेखिका सहमत नाही, आम्ही नंतरच्या लेखिकेचं ऐकतो. आजींना महिन्यातून एकदा दोन तास मिळाले. कोर्टाच्या भेटीच्या खोलीत."

"कोर्टात?"

"हो, त्या खोलीत बाहुल्या वगैरे ठेवल्यात हल्ली. पण सूनबाई मुलाला सोडते आणि तोंड फिरवून निघून जाते. फार कडू झालंय प्रकरण."

बाईंनी ओले हात पदराला पुसले. "त्या आजींनी आधी कधी सुनेला फोन करून पाहिला होता का रे? येऊ का म्हणून?"

"छे छे, मॅडम. करणार होत्या, पण मीच अडवलं. केस चालू असताना फोन करायचा नाही, समोरच्यांना मुद्दा मिळतो. शेवटी हक्काचा प्रश्न होता!"

बाईंनी वकिलाचं रीतसर अभिनंदन केलं आणि फोन ठेवला.