बारीक हात

निहारने तात्यांच्या ड्रमच्या कडेला काडेपेटीएवढा एक चिमटा अडकवला. त्याची वायर लॅपटॉपजवळच्या डब्यात गेली.

"हे काय रे?" तात्या वाकून बघायला लागले. तात्या म्हणजे माझा बाप. चाळीस वर्षं भीमगीतांच्या पार्टीत ड्रम वाजवला, पण एकदाही रेकॉर्डिंग झालं नाही. चौदा एप्रिलसाठी आज हे पहिलंच.

"ट्रिगर, काका. माइक खोलीतलं सगळं ऐकतो, हा फक्त ड्रमला बसलेला धक्का धरतो. आवाज मग मी कॉम्प्युटरमधला लावतो."

बेव्हर्ली पार्कातल्या फ्लॅटची एक बेडरूम, भिंतींना गाद्या, पंखा बंद. हा निहारचा स्टुडिओ. माइकवरचे दोन टेक शेजारच्या भाभींच्या कुकरने खाल्ले होते, म्हणून हा चिमटा.

"म्हणजे मारणार मी आणि वाजणार दुसरंच?"

"काहीही वाजेल. बघा."

तात्यांनी काठी मारली. स्पीकरमधून हलगी वाजली.

माझं डोकं सणकलं. नांदेडकडच्या आमच्या गावात मयतापुढे हलगी वाजवायचं काम आमच्या घरावर लादलेलं होतं. आज्याने ती विहिरीत फेकली आणि गाव सोडलं. आणि इथे ती एका फोल्डरात पडलेली, नाव काय तर 'व्हिलेज चार'. वाजवणाऱ्याचं नाव कुठेच नाही. आमच्या माणसांचं नाव लिहायला या लोकांची शाई कायम संपते.

"मस्त गावरान फील ना?" निहार म्हणाला.

मी तोंड उघडलं, तर तात्यांनी हात वर केला. ते चिडले नव्हते, ऐकत होते. जोरात मारून बघितलं, हळू मारून बघितलं. मग डाव्या हाताने बारीक, झरझर काहीतरी वाजवलं. स्पीकरमधून त्याचा आवाजच आला नाही.

"हे कुठं गेलं?"

"ते गाळलं, काका. हलक्या हाताचं मशीन धरत नाही. मीच तसं लावलंय, नाहीतर कचरा येतो."

"कचरा कोणाला म्हणतोस रे?" मी म्हणाले.

"मानसे, गप. निहार, सगळं येऊ दे. कचरापण."

निहारने माउस फिरवला. तात्यांचा डावा हात पुन्हा चालला, आणि खोलीत अख्खी हलगी उभी राहिली.

"तात्या, तुम्ही तर म्हणायचात, हलगी कधी धरलीच नाही!"

"नाहीच धरली. बाप जेवताना ताटावर वाजवायचा. आई लाटणं घेऊन मागं लागायची."

"काका, हेच फायनल करू?" निहार खूश.

तात्यांनी आणखी दहा-बारा घाव मारले. कान पुढे, डोळे मिटलेले.

"नाही. प्रत्येक घाव सारखाच वाजतोय. मी सारखं मारत नाही. आणि हा आवाज दुसऱ्या कुणाचा आहे, त्याला कुणी विचारलंपण नसेल. काढ हे. माइक लाव."

"आणि कुकर?"

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बाहेर जाऊन शेजारची बेल दाबली.

"भाभी, और कितनी सीटी बाकी है?"

"राजमा है, चार तो लगेगी. क्यों?"

"पप्पा का पहला रेकॉर्डिंग है."

"अरे, तो पहले बोलने का ना!" त्यांनी आत जाऊन गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि मला न विचारताच माझ्या मागोमाग आल्या. दाराजवळच्या गादीला टेकून उभ्या राहिल्या.

"आवाज नहीं करने का," निहार म्हणाला.

"मालूम है," भाभी म्हणाल्या आणि हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकवल्या.