सात नंबरची नळी

"बाई, पेपर थांबवा," मामा म्हणाले.

संचालकबाईंनी कॉम्प्युटरवरून मान वर केली. "दुपारी दोनला जर्नलमध्ये छापायला जातोय मामा. आत्ता कसली थट्टा?"

थट्टा कसली! मामांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. एकतीस वर्षं हा माणूस या प्रयोगशाळेत समुद्रतळाचा चिखल धूत, चाळत आला. त्यातले परागकण आणि वाळूएवढे शिंपले बाई मायक्रोस्कोपखाली मोजायच्या आणि हजारो वर्षांपूर्वी किनाऱ्यावर जंगल होतं की गवत, पाऊस होता की दुष्काळ, ते सांगायच्या. पण जहाजावरून तळात घुसवून काढलेल्या चिखलाच्या नळीचं वरचं, म्हणजे नव्या थराचं टोक कुठलं आणि खालचं, जुन्याचं कुठलं, हे मामांनी सांगायचं. वर लाल टोपण, खाली काळं. मामांचा हात चुकत नाही, असं सगळे म्हणत. शनिवारी ते निवृत्त होणार होते आणि निरोपाच्या भाषणात हेच वाक्य येणार, हे त्यांनाही ठाऊक होतं. खोटं कशाला बोला, ते त्या वाक्याची वाटही बघत होते.

आणि आज सकाळी कपाट आवरताना सात नंबरची नळी हातात आली.

"हे बघा. नळी तळात घुसताना कडेचा चिखल खाली ओढते. थरांच्या कडा खाली वळतात. इथं वर वळल्यात."

बाईंनी वाकून पाहिलं. "म्हणजे टोपणं..."

"उलटी लावलीत. मीच. जहाजावर उलट्या मला होत होत्या, उलटी झाली नळी."

बाई हसल्या नाहीत. सगळा पेपर याच नळीवर उभा होता. गवत हटलं, जंगल आलं, पाऊस वाढला, असं त्यात लिहिलं होतं. खरं तर जंगल मेलं होतं.

"चार वर्षं घातली मी, मामा. तुम्ही गप्प बसला असतात, तर कुणाच्या बापाला कळलं नसतं."

"तीन तास गप्पच होतो. जीव थाऱ्यावर राहीना."

बाईंनी संपादकांना फोन लावला. "मागे घेतेय. हो, चूक लॅबची आहे."

"लॅबची कशी? माझी म्हणा."

पलीकडून विचारलं गेलं, कारणात नाव कुणाचं लिहायचं? बाईंनी तोंड उघडलं आणि त्या अडखळल्या. आजवरच्या एकाही पेपरवर ते नाव आलं नव्हतं. त्यांनी फोनवर हात ठेवला.

"मामा, तुमचं नाव काय हो?"

मामांनी वडिलांच्या नावासकट सावकाश सांगितलं. बाईंनी लिहून घेतलं. आडनावातला एक दीर्घ ऱ्हस्व पडला होता, तो मामांनी वाकून बघितला आणि नीट करायला लावला.