कोऱ्या चहाचा गंज

मित्रांनो, मी एक पितळी गंज आहे, म्हणजे चहा उकळायचं उभट भांडं. जुना म्हणा, चालेल; भंगार म्हणाल तर मला राग येतो.

चांद्याच्या एका तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं, आणि गुणाबाईनं बरीच वर्षं घरी वापरून मग अहेरीच्या आठवडी बाजारात चुलीवर चढवलं. एकोणीसशे छप्पन सालची ही गोष्ट. तिचा नवरा नुकताच वारला होता, म्हणून तिनं चहाचं दुकान मांडलं होतं. तिचा धाकटा भाऊ रामाजी गोंडपिपरीहून येऊन बजावून गेला होता, "तीन बाजार पाह्यतो, बाई. दुकान नाई चाललं, त गाडी आणतो. चाल मंग घरी." भाऊ मायाळूच हो, पण गुणाबाईला कुणाच्या दारी राहायचं नव्हतं.

चहा मात्र ती झकास करायची! आधी पाण्यात ठेचलेलं आलं, मग पत्ती, पत्तीला चांगली उकळी आली की तापवलेलं दूध. थंड दूध ओतलं की चव मरते, हे मी अनुभवानं सांगतो. कचेरीतले बाबू वाहवा करत. पण बाबू होते किती? चार. बाजार भरायचा तो जंगलातून आलेल्या माडिया लोकांनी, आणि ती माणसं आमच्याकडे बघून पुढे जात. मला भारी अपमान वाटायचा.

दुसऱ्या बाजारी गुणाबाईनं त्यांच्यातल्याच, झाडू विकणाऱ्या मंगलीला गाठलं. "काऊन वं मंगले, माह्या चायीत काय खोट हाय?"

"खोट नाई, बाई," मंगली म्हणाली. "दूध वासराचं रायते. आमी त्याच्या तोंडचं घेत नाई."

गुणाबाई चाट पडली. तिनं लगेच माझ्यातच बिनदुधाचा, कोरा चहा केला. मंगलीनं कप नाकाशी नेला आणि खाली ठेवला. "याले दुधाचा वास येते."

अरे देवा! चूक माझीच होती. माझी कल्हई झिजली होती, तळाला साय करपून बसली होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

गुणाबाईनं मला कल्हईवाल्या गुलाम रसूलकडे नेलं. "भाऊ, याच्यात आता दूध कधीच नाई पडणार," ती म्हणाली. त्यानं मला भट्टीत तापवलं, नवसागराचा धूर निघाला, कथील फिरलं आणि माझं पोट चांदीसारखं लखलखलं. दुधाच्या चहासाठी बाईनं दुसरं भांडं घेतलं. मला त्याचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू?

मग आठवडाभर आमची शिकवणी चालली. पहिल्या दिवशी तिनं पत्ती सवयीनं खळखळ उकळली. कडू जहर! मग कळलं, गुळाचं पाणी उकळलं की मला खाली उतरवायचं, तेव्हा पत्ती टाकायची आणि कप मांडून होईपर्यंत झाकून ठेवायचं. गवती चहाचं उलट. त्याची पात चांगली उकळू द्यावी लागते. लिंबू पिळायचं ते कपातच. आंबट माझ्या पितळेला सोसत नाही, चहा कळकतो, धातूची चव येते.

तिसऱ्या बाजारी रामाजी सकाळीच गाडी घेऊन हजर. मंगली आली. तिनं आधी माझ्यात डोकावून पाहिलं, मग वास घेतला, मग प्याली. कप खाली ठेवून उठून गेली. गुणाबाईचा चेहरा उतरला. मी मनात म्हटलं, झालं, संपलं सगळं.

थोड्या वेळानं मंगली परत आली, ती अख्ख्या गावच्या बाया घेऊन! झाडूंचे भारे उतरवून त्या चुलीभोवती बसल्या. मी सहादा चुलीवर चढलो. कप कमी पडले तेव्हा रामाजीच विसळायला बसला.

बाजार उठताना त्यानं हळूच विचारलं, "बाई, तुह्यं गाठोडं ठेवू का गाडीत?"

"नाई भाऊ," गुणाबाई म्हणाली. "तू चाय पे, अन् जाय."

मित्रांनो, घरच्या भांड्यांची कल्हई झिजू देऊ नका. आणि कुणाला चहा पाजायचा असेल, तर चूल पेटवण्याआधी त्यालाच विचारा, तुला कसा चालतो म्हणून.