माडीवरच्या पाच फळ्या

पत्ता वाचला तेव्हाच मी तोंड उघडायला हवं होतं. पूर्व बाल्टिमोरमधली आमचीच गल्ली, ओळीतलं शेवटून तिसरं घर. आमचे शिकवणारे मिस्टर पिंडर म्हणाले, "सोमवारपासून हे उतरवायचं," आणि मी सगळ्यांबरोबर मान डोलावली. त्या घरात माझे डॅडी गेले, हे तुकडीत कोणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक होऊही नये असं मला वाटत होतं. लाज वाटत होती, दुसरं काय.

घर पाडणं वेगळं आणि उतरवणं वेगळं. यंत्र लावून पाडलं की राहतो नुसता राडारोडा, आणि धूळ जाते आमच्याच पोरांच्या छातीत. आम्ही हातांनी उतरवतो. आधी छप्पर, मग माडी, मग तळमजला. विटा खरवडून रचायच्या, फळ्यांचे खिळे काढायचे, सगळं गोदामात न्यायचं. तिथून ते बड्यांच्या घरांत आणि हॉटेलांत जातं. आमच्या गल्लीत फुकट राहा म्हटलं तरी कोणी येत नाही, पण आमच्या घरांचं शंभर वर्षांचं पाइनचं लाकूड त्यांना जेवायच्या टेबलाला हवं असतं. असो. शाळेच्या स्वयंपाकघरातलं माझं काम सुटलं होतं आणि बारा आठवडे शिकलं की पक्की नोकरी मिळणार होती. हे शेवटचं घर होतं.

"माडीवरची पुढची खोली मी एकटी करते," मी म्हटलं.

"का गं, मिस नेटा? तिथे सोनं पुरलंय की काय?" ज्युनियस म्हणाला. हा आमच्याच तुकडीतला, नऊ वर्षं तुरुंगात काढून आलेला, आणि तेवढ्या वर्षांचं राहिलेलं बोलणं आमच्या डोक्यावर ओतत होता.

"तुझी बडबड तिथवर पोचत नाही, म्हणून."

खोलीत काहीच उरलं नव्हतं. पलंगही नाही. खिडकीखाली तेवढा डाग होता, पाच फळ्यांवर पसरलेला, मध्ये काळा आणि कडांना तांबूस. जुलैच्या उकाड्यात माणूस सहा दिवस पडून राहिला की लाकडात काय काय मुरतं, ते सांगत बसत नाही. पोस्टमनने वासावरून पोलिसांना बोलावलं होतं. मी समोरच राहते. माझ्या दारापासून त्यांच्या दारापर्यंत वीस पावलं आहेत.

मी पहार घातली आणि खिळे उचकटायला लागले. जुन्या लाकडातला खिळा निघताना कण्हतो. सगळ्याच घरांत कण्हतो, पण बाकीच्या घरांत मी मागे वळून बघत नाही. इथे प्रत्येक खिळ्याला वळत होते. एकदा तर "आले, डॅडी, आले" असं तोंडून निघूनच गेलं.

खालून ज्युनियस ओरडला, "कोणाला म्हणालीस?"

"तुला नाही. काम कर."

त्या पाचही फळ्या मी पालथ्या घालून ढिगाच्या तळाशी ठेवल्या. गोदामात रंध्याचं मशीन होतं. कोणी बघायच्या आत दोनदा फिरवायचं, डाग भुशात जाईल आणि फळ्या चारचौघींसारख्या होतील, असा माझा बेत होता. त्या कोणाच्या टेबलाला लागल्या असत्या तरी डाग कोणी पाहिला नसता. माझी लाजही भुशातच गेली असती.

पण गुरुवारी मी गोदामात पोचायच्या आधीच एक गिऱ्हाईक बाई आलेली. बंदरावर नवीन हॉटेल काढणार होती. वागायला चांगली होती, ज्युनियसलासुद्धा "सर" म्हणत होती. मिस्टर पिंडर तिला माल दाखवत होते आणि माझ्या फळ्या उताण्या करून वर मांडल्या होत्या.

"हा रंग मुद्दाम आणून येत नाही," ती म्हणाली आणि डागावरून सावकाश तळवा फिरवला. "रंधा मारू नका हं. लांब टेबल करायचंय, त्याच्या बरोब्बर मधोमध लावीन. लोक विचारतील."

मिस्टर पिंडरनी खडूने फळीवर 'विकलं' असं लिहिलं.

"त्या विकायच्या नाहीत," मी म्हटलं.

"नेटा, असं कोण म्हणतं?"

"मी म्हणते. तो रंग नाही. ते माझे डॅडी आहेत."

बाईने हात काढला, कोटाला पुसायला गेली आणि मध्येच थांबली. तिचा चेहरा पडला. मला तिची दया आली, पण आता माझं तोंड थांबेना.

"दोन्ही बाजूंची घरं ओस पडली होती. महापालिकेने त्यांच्या दारांवर धोक्याच्या लाल पाट्या ठोकलेल्या. माझ्याकडे चला, म्हणून वर्षभर घसा कोरडा केला. ते म्हणायचे, तुझ्या आईला ज्या दारातून आत आणली ते दार मी सोडणार नाही. एक दिवस मी म्हटलं, मग मरा तिथेच. आणि गेलेच नाही. पहिल्या दिवशी रागाने. दुसऱ्या दिवशी वाटलं, आधी त्यांनी हाक मारू दे. मग खिडकीत दिसेनासे झाले, तर म्हटलं मुद्दाम करतायत, मी धावत यावं म्हणून. रोज माझ्या पायरीवर बसून त्या खिडकीकडे बघत होते मी. सहाही दिवस."

बाई हळूच बाहेर गेली. मिस्टर पिंडरनी फडकं ओलं करून खडू पुसला, आणि डागाला धक्का लागणार नाही असा पुसला.

"काय करायचं यांचं?" त्यांनी विचारलं. "जाळायच्या?"

"घरी नेते."

"लांब आहेत. कापून देऊ?"

"नको," मी म्हटलं. माझा आवाज जरा चढलाच.

ज्युनियस आणि आणखी तिघांनी फळ्या खांद्यावर घेऊन गाडीत चढवल्या, आणि माझ्या दारात उतरवल्या. पूर्ण वेळ ज्युनियस एक शब्द बोलला नाही.

मला नोकरी मिळाली. आता मीही नवीन पोरांना खिळे काढायला शिकवते. जुनं पाइन उकाड्यात डिंक सोडतं, हेही शिकवते, शंभर वर्षांनीसुद्धा सोडतं. त्यात काही विशेष नाही.

फळ्या माझ्या पॅसेजमध्ये भिंतीला लागून आडव्या आहेत. जुलै लागला की डागाच्या कडेने बारीक थेंब येतात. तो डिंक आहे, मला पक्कं ठाऊक आहे. तरी मी कामावरून आले की पंखा त्यांच्याकडे वळवते, जमिनीवर बसते आणि ओल्या फडक्याने एकेक थेंब टिपते. ते हाक मारत नाहीत. मीही आता हाकेसाठी थांबत नाही.