लाल अक्षरांतला इशारा

जयानं ते बटण दाबलं तेव्हा तिला भीती वाटली नाही, आणि सगळा घोटाळा तिथंच झाला. पुढं वाटली ती इतकी की विचारू नका. पण ती आधी वाटायला हवी होती.

शनिशिंगणापुरात जन्मलेल्या पोरीला कुलपाचं काय भय असणार? घराला दार नाही, कुत्रं शिरू नये म्हणून चौकटीला फळी टेकवलेली. इथं चोरी करणारा आंधळा होतो, त्याला शीव ओलांडता येत नाही, असल्या गोष्टी तिचे वडील आदिनाथअण्णा घरापुढच्या पूजेच्या दुकानात बसून यात्रेकरूंना डोळे मोठे करून सांगायचे. निम्म्या तर तिथल्या तिथं रचलेल्या. लोक घाबरायचे, हात जोडायचे आणि तेलाची आणखी एक बाटली घ्यायचे. जया फळीमागं उभी राहून फिदीफिदी हसायची. इशारे परगावच्यांसाठी असतात, हे तिला रांगायच्या वयापासून ठाऊक.

अण्णांच्या गोष्टी गेल्या वर्षी थांबल्या. घशाचा कॅन्सर निघाला आणि पुण्याच्या डॉक्टरांनी स्वरयंत्र काढायचं ठरवलं. ऑपरेशनच्या आधी जयानं त्यांना लॅपटॉपसमोर बसवून बोलायला लावलं. ‘या माउली, चपला इथं काढा.’ ‘रुईचा हार घ्या, तेल घ्या.’ ‘सुरेखा, च्या टाक.’ ‘जया, जेवलीस का?’ एकेका वाक्याचं स्क्रीनवर एकेक बटण करून दिलं. तेव्हापासून अण्णा बटण दाबत आणि लॅपटॉप त्यांच्या आवाजात बोले. गिऱ्हाइकं आधी दचकत, मग हसत. त्या आवाजाची दुसरी खूण कुठं उरली नव्हती. अण्णांचा फोन साधा, बटणांचा. आणि थोरल्या बहिणीच्या लग्नाच्या व्हिडिओत बँडच्या गदारोळात ते नुसतेच तोंड हलवताना दिसत.

लॅपटॉप सेकंडहँड होता, एआरएमचा, म्हणजे आत मोबाईलसारखी चिप. कंपनीनं त्याचे अपडेट बंद केले आणि तो दिवसेंदिवस रखडायला लागला. ‘जया, जे...’ एवढं बोलून अडकायचा. रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर उतरवायला जावं तर मध्येच बंद पडायचा. जयानं बेत केला, पेनड्राइव्हवरून लिनक्स नावाची दुसरी सिस्टिम सुरू करायची, आतलं सगळं बाहेर काढायचं आणि मग तीच कायमची टाकायची. पण मशीन परक्या सिस्टिमला उंबऱ्यात पाय ठेवू देईना. मशीन चालू होताना आत कुणाला घ्यायचं ते ठरवणारा बूटलोडर कंपनीनं लॉक करून ठेवलेला. ते लॉक काढायची युक्ती तिला इंटरनेटवर सापडली.

सकाळी अण्णा देवाला तेल घालायला गेले तशी तिनं त्या युक्तीतल्या कळा दाबल्या. लाल अक्षरांत इशारा आला, लॉक काढल्यास आतलं सगळं पुसलं जाईल.

जयानं तो वाचला. नीट वाचला, तिला समजलाही, आणि ती गालातल्या गालात हसली. कंपनी म्हणजे तरी काय, दुकानदारच की! भीती घालायचं काम करते बिचारी. उघडलं म्हणून घरातलं सामान कधी नाहीसं होतं का? तिनं ‘हो’ दाबलं.

स्क्रीन काळी झाली. मग एक पांढरी रेघ सरकू लागली आणि तिच्याखाली शब्द आले, माहिती पुसत आहे.

जयाच्या काळजात धस्स झालं. तिनं पॉवरचं बटण गच्च दाबून धरलं. मशीन बंद झालं. देवा, थांबलं असू दे, म्हणत तिनं परत चालू केलं. रेघ पुन्हा पुढं निघाली. ती बोटानं थोपवता येईल असं वाटून तिनं वेड्यासारखं स्क्रीनवर बोट दाबून धरलं.

“आई, अण्णा कव्हा येतील?”

“येतीलच की आता. लई गर्दी हाय, आल्या आल्या लॅपटॉप मागतील,” आतून सुरेखा पीठ मळत म्हणाली. मग हात तसेच घेऊन बाहेर आली. “का गं? तोंड का पांढरं पडलं?”

“आई, त्यांचा आवाज गेला.”

“तो तर कव्हाच गेला, बाई.”

“न्हाई गं. आता गेला. मी घालवला.”

सुरेखा मटकन खाली बसली. लॅपटॉपनं टुंग असा आवाज केला आणि रंगीबेरंगी अक्षरं उमटली, स्वागत आहे, आपली भाषा निवडा.

बाहेर फळी सरकली. जयाला पळून जावंसं वाटलं. अण्णा आत आले, तेलकट हात पंच्याला पुसले आणि लॅपटॉप पुढं ओढला. बटणं कुठं दिसेनात. त्यांनी रोजच्या जागी बोट टेकवलं. परत टेकवलं. मग मान वर करून लेकीकडं पाहिलं.

“अण्णा, पुसलं गेलं सगळं. लिहिलेलं व्हतं तसं. मला खरं वाटलं न्हाई.”

मग अण्णांच्या मानेच्या शिरा तटतटल्या. ऑपरेशननंतर गळ्याला राहिलेल्या छिद्रावरचं फडकं श्वासानं फडफडायला लागलं आणि त्यांचं तोंड सुरू झालं. ते रागावत होते, कडकडून रागावत होते, आणि घरात फडक्याची फडफड सोडली तर काही ऐकू येत नव्हतं.

जयाला ओठांवरचा शब्द न् शब्द वाचता आला. अक्कल गहाण टाकली व्हती का? इचारायचं तरी! जन्मभर खाल्लेली बोलणी ती. त्या शब्दांना अण्णांचा आवाज लावून ऐकावीत म्हणून तिनं डोळे मिटले, कान देऊन वाट पाहिली. शब्द आले, पण ते तिच्या स्वतःच्याच आवाजात आले. तिनं घाबरून डोळे उघडले. अण्णांचे ओठ हलतच होते, आणि त्यांचा आवाज कसा होता ते जयाला आठवेना.