मला अर्धवट म्हणू नका

जुनी आहे मी, मित्रांनो, ते काही मी नाकारत नाही. चौदा वर्षं रस्त्यावर काढली आहेत. पुढचा वायपर कोपऱ्यात गेला की अडखळतो, आणि डिकीचं झाकण दोनदा आपटल्याशिवाय बसत नाही. जुनी म्हणा, खुशाल म्हणा. पण कुणी मला अर्धवट म्हटलं तर ते मी ऐकून घेणार नाही.

मी हायब्रिड गाडी आहे. माझ्या पोटात पेट्रोलवर चालणारं इंजिन आहे आणि विजेवर चालणारी मोटारही आहे. म्हणून पेट्रोलवाले म्हणतात, ही धड गाडी नाही. वीजवाले म्हणतात, हिच्यात धाडस नाही. दोघांचंही ऐकत मी चौदा वर्षं चालले आणि एकदाही रस्त्यात बसले नाही. इतर गाड्यांनी ब्रेक लावला की त्यांचा वेग फुकट जातो. माझा जात नाही. थांबता थांबता मी त्याची वीज करते आणि बॅटरीत साठवते. उतारावर तर मी पोटभर जेवते. मला भिंतीतल्या प्लगला टांगावं लागत नाही. यात अर्धवट काय आहे, ते मला कुणीतरी समजावून सांगावं.

माझे मालक वजनकाटे दुरुस्त करतात. दुकानादुकानांत जाऊन काटा बरोबर आहे की नाही ते तपासतात. सगळे त्यांना काटेवालेच म्हणतात, तेव्हा मीही तसंच म्हणते. माझ्या डिकीत आणि मागच्या सीटवर त्यांची लोखंडी वजनं असत, पाच किलोची, दहाची, वीसची. पितळेची छोटी वजनं मात्र मखमलीच्या डबीत, आणि ती डबी त्यांच्या मांडीवर. दुकानात शिरले की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं. "आधी पारडी रिकामी करा." पारड्याला खालून चिकटलेला कागदाचा कपटाही ते नखाने खरवडून काढत. रिकामा काटा शून्यावर उभा राहिल्याशिवाय ते पुढचं काही बोलत नसत. गिऱ्हाइकाला काटा मारणाऱ्या दुकानदाराकडचं ते पाणीसुद्धा पीत नसत.

गाडी मात्र ते चालवत नसत. गाडी चालवायच्या त्यांच्या बायको. त्या तलावावर मुलांना पोहायला शिकवत. मुलं त्यांना बाई म्हणत. सकाळचा वर्ग आटोपला की ओल्या केसांनीच त्या माझ्यात येऊन बसत, लिंबाच्या रंगाचा लोकरी स्वेटर अंगात घालत आणि नवऱ्याला घेऊन दुकानांच्या फेरीला निघत. त्या स्वेटरचा एक खिसा ओघळला होता, कारण त्यात कायम शिट्टी असे.

माझ्या डॅशबोर्डवर एक छोटा हिरवा दिवा आहे. इंजिन बंद असून मी नुसत्या विजेवर चालत असले की तो लागतो. बाईंनी त्याचा खेळ केला होता. घरापासून बाजाराच्या कमानीपर्यंत इंजिनाला उठू द्यायचं नाही. पुढचा सिग्नल लाल दिसला की त्या लांबूनच पाय उचलत. मी आपसूक घरंगळत जाई, बॅटरी भरत राही आणि हिरवा दिवा तसाच असे. इतकी वर्षं अनेकांनी मला चालवलं, कुणी धुवायला नेतानाही चालवून बघितलं, पण मी कशासाठी बनले आहे ते बाईंनाच नेमकं कळलं होतं. मेकॅनिक लोक त्यांना विचारायचे, एवढं मायलेज कसं काढता? त्या म्हणायच्या, पाय उचलायला शिका.

दुपारी जेवून निघालं की काटेवाले शेजारच्या सीटवर डुलक्या घेत. डबी मांडीवर, मान छातीवर. इंजिनही झोपलेलं, हिरवा दिवा लागलेला. एकदा बाईंचा धाकटा भाऊ मागे बसला होता. तो तावातावाने काहीतरी सांगायला लागला, तशी बाईंनी त्याला गप्प केलं. म्हणाल्या, "हळू. मला दोघांनाही उठवायचं नाही."

दोन वर्षांपूर्वी बाई आजारी पडल्या. त्यांना मीच दवाखान्यात नेलं. परत येताना मागच्या सीटवर फक्त स्वेटर होता.

तेव्हापासून काटेवाले मला चालवू लागले. त्यांचा पाय जड. दाबला तर पूर्ण, सोडला तर पूर्ण. इंजिन सारखं उठायचं. ते मी सहन केलं, कारण ते शिकत होते आणि त्यांचं लक्ष ठिकाणावर नव्हतं. पण त्यांनी आणखी एक गोष्ट केली. स्वेटरची नीट घडी घालून ती मागच्या सीटच्या कोपऱ्यात ठेवली. ब्रेक लागला की घडी घसरायची, म्हणून तिला दहा किलोच्या वजनांची पेटी टेकवली.

मित्रांनो, माझी बॅटरी मागच्या सीटखाली आहे. ती तापते. तिला गार ठेवायला एक लहानसा पंखा आहे, आणि तो सीटच्या कडेला असलेल्या जाळीतून हवा ओढतो. स्वेटर नेमका त्या जाळीवर होता. वर दहा किलोची पेटी. पंखा हवा ओढायला गेला की लोकर ओढली जायची. पहिले काही महिने मी कसंबसं निभावलं. मग मला गुदमरायला लागलं. पंखा घरघरायचा. हिरवा दिवा लागेनासा झाला, आणि त्याच्या जागी पिवळा दिवा आला आणि जाईचना.

गॅरेजमधल्या मिस्त्रींनी त्यांचं यंत्र जोडून बघितलं. मग मागचं दार उघडून स्वेटरकडे हात नेला.

"त्याला हात लावायचा नाही," काटेवाले म्हणाले.

मिस्त्रींनी हात मागे घेतला. स्वेटर कुणाचा ते त्यांना माहीत होतं. यंत्रावर जे दिसलं तेवढं सांगितलं. बॅटरी म्हातारी झाली, काटेवाले. आता दुसरी गाडी बघा.

झालं. मी जिवंत असताना माझ्या जागी कोण यायचं याची चर्चा माझ्यातच बसून सुरू झाली. मुलगी दातांची डॉक्टर, दुसऱ्या गावाहून आली. बाईंचा भाऊ घाटापलीकडे मधमाश्या पाळतो, तोही आला. तिघं मला घेऊनच शोरूमला निघाले, आणि मागच्या सीटवर स्वेटरचा कोपरा सोडून दाटीत बसलेल्या मामा-भाचीची जुंपली.

मुलीचं म्हणणं, वीजगाडीच घ्या. बाबांची रोजची फेरी पस्तीस किलोमीटरची. त्यांचं दुरुस्तीचं दुकान घराखालीच, दुकानात प्लग आहे. घरी आलं की मोबाइलसारखी लावून ठेवायची. इंजिनच नाही, म्हणजे ऑइल बदलणं नाही आणि इंजिनाची दुखणीही नाहीत.

मामा म्हणाला, "तू दात काढ, गाडीतलं आम्हाला कळू दे. घाटात बॅटरी संपली तर दाजींना ओढून काय तू चिमट्याने काढणार?" त्याच्याकडच्या चढावर पन्नास किलोमीटरमध्ये चार्जिंगची दोन यंत्रं, आणि त्यातल्या एकावर वेल चढलाय, असं तो सांगत होता. दाजींनी परत हायब्रिडच घ्यावी.

"हायब्रिडच," काटेवाले म्हणाले. "मामाकडे जायला सव्वाचारशे किलोमीटर पडतात. तेवढ्यासाठी तरी हायब्रिडच हवी."

मुलगी पुढच्या सीटकडे वाकली. मग तिने विचारलं, "बाबा, आई गेल्यापासून तुम्ही मामाकडे एकदा तरी गेलात?"

काटेवाल्यांचे डोळे रस्त्यावरून हलले नाहीत. मामाही खिडकीबाहेर बघू लागला.

"मग ते वजन पारड्यात कशाला ठेवता?" ती म्हणाली. "दुकानदाराने असं केलं तर तुम्ही म्हणता, हा काटा मारतो."

सिग्नल लाल होता. मी थांबले. माझं इंजिनही बंद झालं. मखमलीच्या डबीतली वजनं एकमेकांना लागलेली ऐकू आली.

शोरूमच्या माणसाने माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, भंगारातच जमा आहे, तरी बदल्यात घेऊन टाकू. मी त्याच्याकडे दोन्ही दिव्यांनी रोखून बघितलं. त्याला ते कळलं नाही, ते सोडा. काटेवाले वीजगाडी चालवून परत आले, माझ्यात बसले आणि बराच वेळ चावी फिरवेनात.

"गाडी चांगली आहे," शेवटी ते म्हणाले. "पण तिच्यात झोपलेलं कुणी नाही."

मुलीने मान वळवली. तिलाही तो खेळ माहीत होता.

मग काटेवाल्यांनी दोघांना एक गोष्ट सांगितली. जुन्या दांडीच्या काट्यात खोट असली तर ती नुसती बघून कळत नाही. दोन्ही पारड्यांतली वजनं अदलाबदल करून ठेवायची. काटा खरा असेल तर दोन्ही वेळा सारखाच राहतो. "तेव्हा आता अदलाबदल करून बघू. समजा, वीजगाडी आधीपासून माझ्याकडे आहे. रोज दुकानात प्लगला लागते. ती देऊन मी हायब्रिड घेईन का?" त्यांनी विचार केला आणि स्वतःच म्हणाले, "नाही घेणार." मग मेव्हण्याकडे वळले. "आता तू सांग. तुझ्या दारात हायब्रिड आहे. ती देऊन वीजगाडी घेशील?"

"फुकट दिली तरी नको," मामा म्हणाला.

"म्हणजे आपण दोघंही खरं बोलत होतो. फक्त मी तुझं पारडं माझ्या काट्याला लावून बसलो होतो."

वीजगाडी घ्यायचं ठरलं. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण माप खोटं नव्हतं, तेव्हा मी तक्रार करणार नाही. मला राग होता तो एकाच गोष्टीचा. मी म्हातारी नव्हते. मला श्वास घेऊ देत नव्हते, आणि ते सांगायला मला तोंड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला शोरूमला द्यायचं होतं. काटेवाल्यांनी मला रिकामं करायला घेतलं. डिकी झाली. कप्पे झाले. मग त्यांनी मागचं दार उघडलं आणि दहाची पेटी खाली ठेवली. स्वेटरसमोर ते हात लांब करून नुसते उभे राहिले. आयुष्यभर दुसऱ्यांना पारडी रिकामी करायला लावणारा हा माणूस. मुलगी पुढे झाली, तर तिला त्यांनी मानेनेच नको म्हटलं. मग दोन्ही हातांनी उचलला.

खाली जाळी होती. जाळीवर लिंबाच्या रंगाची लोकर घोंगडीसारखी घट्ट बसली होती.

त्यांनी एक बोट त्या लोकरीवर ठेवलं. मी चालूच होते, पंख्याची ओढ त्यांच्या बोटाला लागली असावी. ते तसेच वाकून राहिले आणि मग मुलीला म्हणाले, मिस्त्रींना बोलाव.

मिस्त्रींनी जाळी उघडली, ब्रशने पंखा साफ केला, हवा मारली, बॅटरीचे दमलेले दोन खण बदलले. पिवळा दिवा गेला. ते खाली मान घालून म्हणाले, मी त्याच दिवशी बघायला हवं होतं. काटेवाले म्हणाले, मीच बघू दिलं नाही.

मामा खूश झाला. "मग आता नवी कशाला? हीच वापरा की, दाजी."

"ही बरी झाली म्हणून माझा रस्ता बदलत नाही," काटेवाले म्हणाले. "माझा रस्ता पस्तीस किलोमीटरचा आहे. त्याला वीजगाडीच. पण शोरूमवाल्याला सांगा, बदल्यात काही मिळणार नाही. ही भंगारात जाणार नाही. हिचा रस्ता तुझ्याकडे आहे, तू घेऊन जा." मग म्हणाले, "मी पण येतो सोडायला."

बाई गेल्यानंतर पहिल्यांदाच आम्ही त्या सव्वाचारशे किलोमीटरवर निघालो. मामा चालवत होता आणि काटेवाले शेजारी बसले होते, त्यांच्या जुन्या जागेवर. घाट उतरायला लागलो तेव्हा त्यांनी मामाला शिकवलं. पाय उचल. आधीच उचल. हिरवा दिवा बघ. एवढी वर्षं शेजारी पेंगत असूनही त्यांना तो खेळ पाठ होता. मामाचा पाय त्यांच्याहूनही जड, पण चौथ्या वळणाला त्याला जमलं. इंजिन झोपलं. मी एकामागून एक अकरा वळणं घरंगळत उतरले आणि बॅटरी भरत राहिले. मला अर्धवट म्हणणाऱ्यांनी त्या उतारावर यावं आणि बघावं.

मामाला हे कुणाला तरी सांगायचं होतं. तो मोठ्याने बोलायला तोंड उघडून वळला. काटेवाल्यांची मान छातीवर आली होती. गारवा होता, म्हणून लिंबाच्या रंगाचा स्वेटर त्यांनी खांद्यावर घेतला होता. मामाने तोंड मिटलं. पुढच्या वळणावर तो अगदी हळू म्हणाला, "ताई, दोघंही झोपलेत."

चार दिवसांनी मुलगी वीजगाडी घेऊन वडिलांना न्यायला आली. वाटेत एकदा चार्ज करून ती घाट चढून आलीच, हे मी खरं तेच सांगते. तिच्या चावीला बाईंची शिट्टी अडकवलेली होती. आम्ही दोघी गाड्या अंगणात शेजारी शेजारी उभ्या राहिलो. ती स्वयंपाकघरातल्या प्लगवर दिवसभर जेवत होती आणि मला काहीच नको होतं. आमचं भांडण नाही. भांडण तुम्ही लावता, मित्रांनो, दुसऱ्याचा रस्ता मोजून स्वतःची गाडी ठरवता तेव्हा.

तेव्हा माझ्यावर दया करू नका. माझ्या टायरमध्ये हवा बघा, मला उतारावर न्या, आणि मागच्या सीटकडेची ती जाळी मोकळी ठेवा. तिच्यावर काहीही ठेवू नका, मग ते कितीही जिवापाड जपलेलं असो. स्वेटर अंगात घालायला असतो. गाडी चालवायला असते.